मागच्या वेळचं माप

पहिल्या शिफ्टहून मैत्री घरी आली तेव्हा पांगुळगाड्याच्या दांडीला एक लाल चिठ्ठी लटकत होती. कंपनीत असते तसली, वर भोक पाडून सुतळी ओवलेली. इतकी वर्षं माळ्यावर पडून असलेला पांगुळगाडा कुणीतरी खाली काढून, पुसून, गॅलरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला होता आणि त्याच्याभोवती फरशीवर लाल चिकटपट्टीचा चौकोन आखला होता. चौकोन अगदी काटकोनात होता. आखणाऱ्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला असणार हे उघड दिसत होतं, आणि तेवढ्यानंच मैत्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे कुणी केलं?”

“मी,” आतून बुद्धरत्न म्हणाला. त्याची त्या आठवड्यात नाईट होती, त्यामुळं दुपारी उठून तो आता निवांत भाकरी खात बसला होता. “रेड टॅग लावलाय. आमच्याकडं फाइव्ह एस चालू हाय ना. जी वस्तू वापरात न्हाई तिला टॅग लावायचा आन् चौकोनात ठिवायची. महिनाभर वाट बघायची. कुणी म्हणलं की ही माझी हाय, मला अमुक कामाला लागती, तर परत द्यायची. न्हाईतर स्क्रॅप.”

“ही कंपनी हाय का घर?”

“घराला तर जास्त गरज हाय. अमूचा टेबल यायलाय. ठिवायचा कुठं, माज्या डोक्यावर?”

टेबलाचं खरं होतं. आम्रपालीला, म्हणजे अमूला, दहावीनंतर चिंचवडला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. ड्रॉइंगसाठी तिला तिरक्या फळीचं मोठं टेबल लागणार होतं, आणि कुरुळीतल्या दुर्गाबाईंच्या चाळीतल्या या दोन खोल्यांत टेबलच काय, पाहुण्याची पिशवी ठेवायलाही जागा नव्हती. माळा, दिवाणाखालची पोकळी, कपाटाचं डोकं, सगळं भरलेलं होतं. त्यातलं निम्मं सामान अमूच्या लहानपणचं, आणि त्यावर हक्क होता मैत्रीचा.

बुद्धरत्नाला नवं खूळ लागलं होतं. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये वीसेक वर्षं मान खाली घालून पत्रे ठोकल्यावर साहेबानं त्याला फाइव्ह एसच्या कमिटीवर घेतलं होतं, खिशाला लावायला हिरवा बिल्ला दिला होता. तेव्हापासून तो घरात साहेबासारखा हात मागं बांधून फिरायचा. झाकण हरवलेल्या मिक्सरच्या भांड्याला त्यानं टॅग लावला, स्वतःच्या कॅरम बोर्डालाही लावला. माणूस पक्षपाती नव्हता, एवढं तरी म्हणायला हवं.

“सांग की,” तो म्हणाला. “पांगुळगाडा तुझा हाय, मान्य. कुठं वापरणार?”

मैत्रीकडं उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की तिचा राग दुप्पट व्हायचा. तिनं टॅग ओढून तोडला, चुरगळून मोरीत टाकला आणि पांगुळगाडा उचलून पुन्हा माळ्यावर चढवला. चढवताना त्याचं चाक तिच्या कपाळाला लागलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा पांगुळगाडा चौकोनात होता आणि त्याला नवा टॅग होता. बुद्धरत्न कंपनीतून टॅगांचा गठ्ठाच घेऊन आला होता.

चाळीतल्या बायका त्या सामानाला ‘पोरीच्या आठवणी’ म्हणायच्या. मैत्री त्यांना तसं म्हणू द्यायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि तिच्या सासूला.

अमू सहा महिन्यांची झाली तेव्हाच मैत्रीची रजा संपली. रजा कसली, ठेकेदाराकडची नोकरी. आलीस तर आलीस, नाहीतर गेटवर दुसरी उभी आहे. नवरा-बायको दोघंही शिफ्टमध्ये, खोलीला कुलूप. तेव्हा हिंगोलीकडच्या गावी सोजरबाईंकडं, म्हणजे सासूकडं, लेकरू ठेवायचं ठरलं. वर्षभराचीच गोष्ट आहे, असं सगळे म्हणाले. मग परमनंट होईपर्यंत म्हणाले. मग खोली मोठी मिळेपर्यंत. पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा कुठं अमू कुरुळीला आली, ती स्वतःची चप्पल स्वतः घालणारी, परक्या घरी आल्यासारखी दारात उभी राहिलेली पोरगी होऊन.

मधल्या वर्षांत भेट व्हायची एप्रिलमधल्या जयंतीला आणि दिवाळीला. निघायच्या आदल्या आठवड्यात मैत्री पिंपरीच्या बाजारात जायची. दुकानदार विचारायचा, पोरगी केवढी आहे? मैत्री जमिनीपासून हात धरून दाखवायची, एवढी. दुकानदार वय विचारायचा आणि म्हणायचा, ताई, मग वीस नंबर न्या, अठरा बसणार नाही. मैत्री त्याच्याशी भांडायची. माझी पोरगी नाजूक आहे, मला ठाऊक का तुम्हाला? अठराच द्या. हात धरलेला असायचा मागच्या भेटीच्या उंचीवर, आणि पोरगी तर तिकडं रोज वाढत होती.

मग गावी गेल्यावर फ्रॉक डोक्यातून जायचा आणि दंडात अडकायचा. दर वेळी. “बदलून आणते,” असं म्हणून मैत्री तो परत आणायची. दुकानदार बदलून द्यायचा नाही, किंवा तीच जायची नाही. फ्रॉक गोणीत जायचा. बुटांचं तेच, कानटोपीचं तेच. पांगुळगाडा तिनं आळंदी रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडून घेतला होता, लाल-हिरवा रंगवलेला. ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून नेला. गावच्या फाट्यावर उतरली तर अमू धावत आली होती आजीबरोबर. धावत. आईला बघून ती आजीच्या लुगड्यामागं लपली. पांगुळगाडा तिथंच राहिला आणि सोजरबाईंनी तो शेजारच्या लेकराला चालायला दिला. पुढच्या खेपेला मैत्रीनं ते पाहिलं, त्या लेकराच्या हातातून तो काढून घेतला आणि रिकामा पांगुळगाडा पुन्हा टपावर बांधून कुरुळीला आणला. ते लेकरू रडत राहिलं. मैत्रीला त्याची अजूनही कीव येत नसे.

महिना भरला आणि बुद्धरत्नानं पांगुळगाडा दुर्गाबाईंना देऊन टाकला. दुर्गाबाई मालकीण, मूळ कुरुळीच्याच. त्यांचा नातू नुकता उभा राहायला लागला होता.

“लय बेस केलंस, मैत्री,” त्या दारात येऊन म्हणाल्या. “लाकूड आजून कसं टणक हाय. तुज्या लेकीचा हात लागलेला, आमच्या पोराला गुण येईल.”

 दिवसभर भिंतीपलीकडून चाकांची खडखड ऐकू यायची. दुर्गाबाईंचा नातू पडायचा, उठायचा, पुन्हा खडखड. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी तर सकाळपासून सुरू व्हायचं. मैत्री इकडं ताटं आपटायची.

पुढं एकेक वस्तू चौकोनात येत गेली. दाबलं की पीं वाजणारे बूट. पितळी भातुकली. लोकरीची टोपी. प्रत्येक वस्तूपायी भांडण झालं, प्रत्येक भांडण मैत्री हरली, कारण बुद्धरत्नाचा प्रश्न एकच होता आणि तो अगदी शांतपणे विचारायचा: कुठं वापरणार? भांडायचं असेल तर माणसानं आवाज तरी चढवावा. शेवटी उरली ती फ्रॉकची गोणी. तिला टॅग लावायची मात्र त्याची अजून छाती झाली नव्हती.

राग घेऊनच ती कंपनीत जायची. गाडीत लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बनवायचं त्यांचं काम. फळीवर खुंट्या, खुंट्यांतून वायरी ओढायच्या, टोकांना कनेक्टर घालायचे आणि वरून टेप गुंडाळायची. लाईनवर साऱ्या बायका. मैत्रीच्या शेजारच्या फळीवर वर्षाली म्हणून वाशिमकडची पोरगी होती, ठेकेदाराकडून आलेली. चहाची सुट्टी झाली की ती लॉकरकडं पळत सुटायची, फोन काढून व्हिडिओ कॉल लावायची आणि ओरडून बोलायची, “तनू, इकडं बघ, मम्मीकडं बघ, बघ ना गं.” पलीकडं कधी छताचा पत्रा दिसायचा, कधी आजीचा कान. तनू फोनकडं बघायचीच नाही.

“बंद कर ते,” मैत्री एकदा तिच्यावर खेकसली. “चहा पी गपचिप.”

वर्षाली हसली. तिला वाटलं, ताईचं डोकं दुखत असेल.

कंपनीत नवं पाळणाघर निघालं होतं. कँटीनमागं एक कंटेनर आणून ठेवला होता, बाहेरून पिवळा रंग, आत एसी, भिंतीवर हत्ती. मैत्रीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तिथं उभीच राहिली. आत दोन लेकरं चटईवर बसली होती आणि एक मावशी त्यांना केळं कुस्करून भरवत होती. इतकंच लागत होतं. एक कंटेनर, एक मावशी, एक केळं. एवढ्यासाठी तिचं लेकरू हिंगोलीला वाढलं होतं. तिला वाटलं, दगड घ्यावा आणि त्या हत्तीच्या डोळ्यात मारावा.

त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला: आपल्या लेकरांच्या आठवणी दुसऱ्यांच्या लेकरांना द्या. चांगल्या स्थितीतली खेळणी, कपडे आणून द्यावेत. खाली हसऱ्या बाळाचं चित्र. मैत्रीनं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि जाता जाता त्याची एक टाचणी काढून घेतली. कागद एका कोपऱ्यावर लोंबत राहिला.

टेबल आलं त्या गुरुवारी सोजरबाईही आल्या होत्या. नात इंजिनिअर होणार म्हणून तिला बघायला, पिशवीत तुरीची डाळ आणि कुरडया घेऊन. अमू कॉलेजचं सगळं सोडून त्यांच्याभोवती फिरत होती. बुद्धरत्न आपल्या आईला माय म्हणायचा, तेच ऐकून अमूही आजीला मायच म्हणायची. माय, हे बघ. माय, तू इथं बस. माय, पाय दुखतात का? मैत्री तिची मम्मी. मम्मीला अमू काही सांगायची ती कामापुरतं, व्यवस्थित, डबा दे आणि फॉर्मवर सही कर इतपत.

टेबलवाल्यानं टेबल दिवाणाशेजारी लावलं. जागा व्हावी म्हणून बुद्धरत्नानं दिवाणाखालून गोणी ओढून बाहेर काढली आणि तो चहाचं दूध आणायला गेला. मैत्री मोरीत भांडी घासत होती. हात पुसत बाहेर आली तर अमू टेबलाची धूळ पुसत होती. फळी, पाय, कडा, खालची पट्टी. हातातलं फडकं गुलाबी होतं. त्याच्या गळ्याला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

मैत्रीनं तिच्या थोबाडीत मारली.

आवाज मोठा झाला. पलीकडं पांगुळगाड्याची खडखड क्षणभर थांबली असं तिला वाटलं. अमूनं गालाला हात लावला नाही. तिनं फ्रॉककडं बघितलं, मग आईकडं.

“काय झालं?”

“काय झालं म्हनून विचारायलीस? लाज वाटती का? तुझे कपडे हायत ते. तुझे. मी तुज्यासाठी…”

“माझे?” अमू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, बापावर गेली होती. “मम्मी, मी हे कधी घातलेत? मला एक पण आठवत नाही. मला वाटलं, तू विकायला आणलेलं काहीतरी आहे. नवीन आहे सगळं. ह्या गोणीत माझं काहीच नाहीये.”

“काहीच न्हाई?”

“नाही. सांग ना, कुठलं माझं आहे?”

मैत्रीला वाटलं आणखी एक ठेवून द्यावी. पण सासू समोर होती, आणि राग वळायला तिला सासू बरी पडली. ती सोजरबाईंकडं फिरली.

“तुमी सांगा हिला, आत्याबाई. तुमी सांगा कुणी आणले हे कपडे. न्हाईतर तुमी कशाला सांगताल? पोरगी तुमचीच झाली. माझ्या पोरीचं मला काय ठिवलं तुमी? एक झबलं ठिवलं का? एक वाळा? सहा वरसं तुमच्याकडं हुती. एक चिंधी तरी जपून ठिवायची हुती.”

सोजरबाई दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांना राग आला नाही. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं.

“काय ठिवायचं, बाई?” त्या म्हणाल्या. “झबली फाटली. वाळं शेजारच्या बारकीला घातलं. आन् ठिवायचं कशाला? लेकरूच हुतं की जवळ.”



म्हातारीला टोमणा मारायचा नव्हता. टोमणा असता तर मैत्रीनं तो परत फेकला असता. सोजरबाईंनी हात लांब करून अमूच्या हातातला फ्रॉक घेतला आणि मांडीवर पसरून त्याच्या बाहीवरची धूळ झाडली.

“ह्यो मला याद हाय. जयंतीला आणलावतास. दंडातच अडकला. तू वढायलीस आन् ही रडायली. तू म्हनलीस, येवडी कशाला वाढवली हिला? मला म्हनलीस. मग पोरीवर रागं भरलीस, नीट हुबी ऱ्हा म्हनून. दर टायमाला असंच. नवा कपडा आला की ही ढेलजंत, भाईरच्या दाराआड जाऊन लपायची.”

“माय, राहू दे,” अमू म्हणाली.

“मी कुटं काय म्हनायले? लेकरू वाढलं म्हनून आई रागं भरती, मला इपरीत वाटायचं. म्या मनात म्हनायची, एक माप मोठं आन की बाई. पर तुला कसं सांगावं? तू येवड्या दुरून आणायचीस, उरापोटाशी धरून.”

मैत्रीच्या तोंडाशी खूप काही आलं. ठेकेदार आला, गेटवरची रांग आली, कंटेनरवरचा हत्ती आला. ते सगळं या बाईला सांगून उपयोग नव्हता, कारण या बाईनं तिचं काही चोरलं नव्हतं. तिनं लेकरू वाढवून दिलं होतं. राग धरायला समोर माणूसच उरला नाही, आणि इतक्या वर्षांत तिच्यावर अशी वेळ आली नव्हती. तिला त्याचाच भयंकर संताप आला.

बुद्धरत्न दुधाची पिशवी घेऊन दारात उभा होता. त्यानं अमूचा लाल झालेला गाल पाहिला.

“टॅग कुठं हायत तुमचे?” मैत्रीनं त्याला विचारलं.

“कशाला?”

“द्या इकडं एक.”

तिनं स्वतःच्या हातानं गोणीच्या तोंडाला लाल टॅग बांधला, सुतळीला दोन गाठी मारल्या आणि गोणी चौकोनात नेऊन आदळली. बुद्धरत्नानं दुधाची पिशवी ओट्यावर नेऊन ठेवली. त्या दिवसापासून हिरवा बिल्ला लावून तो घरात फिरला नाही.

महिना ती थांबली नाही. शुक्रवारी सकाळी गोणी खांद्यावर टाकून ती कंपनीच्या बसमध्ये चढली. गुलाबी फ्रॉक त्यात नव्हता. तो कुठं गेला तिनं विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती पाळणाघराशी गेली. एचआरच्या मिनल मॅडम तिथंच होत्या, पंचविशीच्या, गळ्यात कार्ड. त्यांनी गोणीत हात घातला आणि एकेक फ्रॉक बाहेर काढून चटईवर मांडला.

“अय्या, ताई, किती गोड. हे तर सगळे नवेच आहेत. वापरलेच नाहीत की काय?”

“न्हाई वापरले.”

“मग तुमच्या मुलीनं काय घातलं?”

मैत्रीनं तिच्याकडं पाहिलं. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. मैत्रीला राग आला तो त्याचाही.

“या ना, फ्रॉक हातात धरा, एक फोटो घेते. बोर्डावर लावू. सगळ्यांना प्रेरणा मिळेल.”

“फोटो नको. मला एक सांगा, मॅडम. आमच्या लाईनीवर वर्षाली हाय. तिची पोरगी दोन-अडीच वरसांची. तिला घेताव का हितं?”

“वर्षाली कुठली?” मिनल मॅडमनी आठवून पाहिलं. “ती कॉन्ट्रॅक्टवर आहे ना? ताई, त्यांचं वेगळं असतं. ते ठेकेदारानं बघायचं. मी वर विचारलं होतं, खरंच विचारलं होतं. पण पॉलिसीत नाही बसत.”

“जागा तर रिकामी हाय.”

“जागेचा प्रश्न नाहीये.”

“मग कशाचा हाय?”

मिनल मॅडमना उत्तर देता आलं नाही. हीच अवस्था मैत्रीची घरी झाली होती, चौकोनासमोर. पण त्या आठवणीनं ती मऊ पडली नाही. ती खाली वाकली आणि चटईवर मांडलेले फ्रॉक एकेक करून पुन्हा गोणीत भरू लागली. चुरगळून नाही, घडी घालून. लाल टॅग गोणीला तसाच होता.

“ताई, अहो, हे काय? तुम्ही दान केलंत ना?”

“आठवणी मागितल्या हुत्या तुमी,” मैत्री म्हणाली. “ह्या आठवणी न्हाईत. तुमाला न्हाई चालायच्या.”

बाहेर ऊन होतं. कँटीनच्या भिंतीच्या सावलीत वर्षाली एकटीच बसली होती, डबा पुढ्यात, फोन डब्याला टेकवून उभा केलेला. फोनवर पत्रा दिसत होता आणि कुठूनतरी लेकराचं रडणं येत होतं. मैत्री शेजारी येऊन बसली तशी वर्षालीनं घाईनं फोन बंद केला. तिला वाटलं, आता ताई पुन्हा खेकसणार.

मैत्रीनं गोणीचं तोंड सोडलं.

“तुझ्या तनूला हुतील बघ ह्यातले. घे.”

वर्षालीनं हात पुसले आणि वरचा फ्रॉक उचलला. निळा होता, पुढं बदकं. तिनं चिठ्ठी पाहिली, पुन्हा मैत्रीकडं पाहिलं.

“नवाय, ताई. कुणाचाय?”

“दुकानातला हाय. कुणी घातला न्हाई.” मैत्रीनं टॅग तोडून बाजूला टाकला. “कवा भेटलीस तिला?”

“दिवाळीत गेलते. आता पंचमीला जायचं म्हणत होते, सुट्टी नाही दिली.” वर्षालीनं फ्रॉक आपल्या छातीला लावून बघितला. तिचा चेहरा उजळला. “हा एकदम बरोबर होईल. माझी तनू बारीकच आहे, ताई. बाजारातले लोक मोठं माप गळ्यात मारतात. मला तिचं माप पाठ आहे.”

“केवढी हाय?”

वर्षालीनं बसल्या बसल्या जमिनीपासून हात धरला, तळवा खाली करून, अगदी खात्रीनं. “एवढी.”

मैत्री त्या हाताकडं बघत राहिली. पिंपरीच्या बाजारातला तो काउंटर, तो दुकानदार, त्याच्याशी घातलेली हुज्जत. तिच्या छातीत इतका राग दाटून आला की तो कुणावर काढावा हे तिला कळेना. समोर ही वेडी पोरगी होती, हात धरून बसलेली, हसणारी.

तिनं वर्षालीचं मनगट धरलं आणि हात वीतभर वर नेला.

“आता एवढी आसंल,” ती म्हणाली.

मग तिनं वर्षालीच्या दुसऱ्या हातातला निळा फ्रॉक काढून घेतला, गोणीत हात घालून त्याहून मोठा शोधू लागली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका उठून हात धुवायला गेल्या. वर्षालीचं हसू गेलं होतं, आणि ती आपल्या तळव्याखालच्या रिकाम्या जागेकडं बघत होती. हात मात्र तिनं खाली घेतला नाही.